प्रभूची पंगत

इ. स. १८४९ मध्ये मुंबईतील काही सुशिक्षित तरुण दारे लावून, आवाज बाहेर जाऊ न देता एक गोष्ट करू लागले. ती गोष्ट म्हणजे पाव खाणे! आज सकाळच्या चहात पावाचा तुकडा बुडवणाऱ्या वाचकाला याचे हसू येईल. पण परमहंस मंडळीत ज्याला प्रवेश हवा असे, त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांदेखत खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. या मंडळीचे एक संस्थापक होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. ज्यांच्या व्याकरणाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना घाम फोडला, तेच हे दादोबा. जातिभेद व्याख्यानाने मोडत नाही, घासाने मोडतो, हे या मंडळींना नेमके उमगले होते. फक्त तो घास दाराबाहेर नेण्याचे धैर्य नव्हते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटणार अशी धास्ती पडली आणि मंडळी विस्कटली.

त्याच मुंबईत, त्याच काळात, काही माणसे हेच काम उघड्या दाराने करीत होती. ख्रिस्ती देवळात एकत्र जमून ती एका भाकरीचे तुकडे खात आणि एका प्याल्यातून पीत. त्यात त्यांना समाजसुधारणा करावयाची नव्हती. तो त्यांच्या उपासनेचा गाभा होता, आणि आजही आहे. इंग्रजीत या विधीला कम्युनियन म्हणतात. आपल्याकडची प्रॉटेस्टंट मंडळी 'प्रभुभोजन' म्हणतात, वसईचे कॅथलिक 'मिस्सा' आणि 'कम्युनियन' हे शब्द वापरतात, आणि गोव्याच्या कोंकणीत त्याला 'कुमगार' म्हणतात. नाताळचा केक आपण शेजाऱ्याकडून आवडीने घेतो, आपला फराळ त्याच्याकडे पाठवतो. परंतु त्याच्या धर्मात खाण्यालाच केवढे स्थान आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मराठी शिकवणाऱ्या माणसाने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की या विधीचे मर्म सांगणारे शब्द मराठीत जितके आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या भाषेत असतील. पंगत, पंक्तिभेद, पंक्तिबाह्य, रोटीव्यवहार, उष्टे! जेवणावरून माणसे जोडण्याचा आणि तोडण्याचा एवढा शब्दसंग्रह आपण उगाच नाही जमवला.

मूळ प्रसंग साधा आहे. सुमारे इ. स. ३० मध्ये, यरुशलेम शहरात, माडीवरच्या एका खोलीत, तेरा माणसे रात्रीच्या जेवणाला बसली होती. दिवस वल्हांडण सणाचे. हा शब्द मराठी बायबलाने जपून ठेवला आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून यहुदी लोक सुटले, त्या रात्री मृत्यू त्यांची दारे ओलांडून गेला, अशी ती कथा. निघण्याच्या घाईत पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून या सणाला बेखमीर भाकरी खातात. येशूने जेवताना भाकरी घेतली, आभार मानून मोडली आणि शिष्यांना दिली. हे आपले शरीर आहे, असे तो म्हणाला. द्राक्षारसाचा प्यालाही तसाच दिला आणि त्याला आपले रक्त म्हटले. आपल्या स्मरणार्थ हे करीत राहा, एवढेच त्याचे सांगणे. दुसऱ्या दिवशी त्याला क्रूसावर चढवले. त्या पंगतीत त्याला पकडून देणारा यहुदाही होता. लूकच्या वृत्तांतात तर भाकरी आणि प्याला फिरल्यानंतरच येशू त्याचा उल्लेख करतो. खाल्ल्या मिठाला न जागणारा माणूस हेरून त्याला आधी उठवून लावले, असे त्यात कोठेही नाही. ही बारीक गोष्ट पुढच्या धर्ममार्तंडांनी जरा लक्षात ठेवली असती तर बरे झाले असते.

पण पंचवीस वर्षेही लोटली नाहीत तोच घोटाळा सुरू झाला. ग्रीस देशात करिंथ नावाचे मोठे व्यापारी बंदर होते. तेथल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. त्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाचा सर्वांत जुना लिखित वृत्तांत आहे. आणि तो का लिहावा लागला, हे वाचण्याजोगे आहे. त्या काळी हा विधी खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे आपापली शिदोरी घेऊन लवकर येत, पोटभर जेवत, पीतही. आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, ते उपाशी बसत. पौल यावर विलक्षण संतापला आहे. तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याचा रोख आहे. भाकरीत ईश्वर कोणत्या प्रकारे असतो, या प्रश्नावर तो तेथे पांडित्य करीत बसत नाही. शेजारच्या पानावर काय वाढले आहे, याकडे त्याचे लक्ष आहे. मला विचाराल तर प्रभुभोजनाचा सगळा अर्थ या एका कानउघाडणीत आला आहे.

पुढे जेवण सुटले आणि विधी राहिला. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या लेखकाने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकरी आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती त्यांचा वाटा. आजची मिस्सा पाहिलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल. अठराशे वर्षांहून अधिक काळ एवढा टिकलेला क्रम जगात फारसा आढळायचा नाही.

मधल्या शतकांत युरोपने या भाकरीवरून जे रण माजवले, त्याची हकीकत मी थोडक्यात आटोपतो. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ठरवले, की भाकरी व द्राक्षारस यांचे मूळ द्रव्यच पालटून त्याचे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, रूप तेवढे पूर्वीचे राहते. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य लोकांना प्याला द्यायचा नाही, तो धर्मगुरूनेच प्यावा, या रूढीवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी यान हुस या सुधारकाला त्याच परिषदेने जिवंत जाळले आणि त्याच्या बोहेमियातील अनुयायांनी प्याला हेच आपले निशाण केले. पुढे १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन सुधारक ऐक्य करायला बसले, तर ल्यूथरने येशूचे शब्द टेबलावर खडूने लिहून ठेवले आणि त्यापासून तसूभर हलायचे नाकारले. 'आहे' म्हणजे खरेच आहे, असे ल्यूथरचे म्हणणे. 'आहे' म्हणजे दर्शवते, असे झ्विंग्लीचे. एका क्रियापदावरून दोन पंथ कायमचे दुरावले! आम्हा व्याकरणवाल्यांना यात सुप्त आनंद व्हायला हरकत नाही, पण ज्या पंगतीसाठी हे भांडण, तिच्यात बसायचे मात्र दोघांनीही सोडले.

आता आपल्याकडे हा विधी प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. वसई-आगाशीच्या एखाद्या देवळात रविवारी सकाळी गेलात, तर लुगड्यातल्या म्हाताऱ्यांपासून जीन्समधल्या पोरांपर्यंत सगळे गाव तेथे भेटेल. मिस्सेचा पूर्वार्ध वाचनाचा आणि प्रवचनाचा. उत्तरार्धात वेदीवर भाकरी व द्राक्षारस येतो. भाकरी म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्याचीच, रुपयाएवढी, पापडासारखी पातळ चकती. पुष्कळ ठिकाणी ती कॉन्व्हेंटातल्या भगिनी साच्यात भाजून तयार करतात. फादर द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालतात, येशूचे शब्द उच्चारतात, चकती दोन्ही हातांनी उंच धरतात. त्या क्षणी घंटी वाजते आणि सगळे देऊळ गुडघ्यांवर असते. मग लोक रांगेने पुढे येतात. फादर प्रत्येकाला ते काय आहे हे सांगतात, घेणारा 'आमेन' म्हणतो आणि तळहातावर किंवा जिभेवर चकती घेतो. उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या बंद कोनाड्यात ठेवतात आणि त्यापाशी दिवा तेवत राहतो.

पूर्वी हे सारे लॅटिनमध्ये चाले आणि फादरांची पाठ लोकांकडे असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडले, तेव्हा वसईकरांना मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली. तसे पाहिले तर गोव्यातल्या फादर स्टीफन्सने येशूचे चरित्र १६१६ मध्येच मराठी ओव्यांत छापून काढले होते. पण ओवी मराठी आणि वेदीवरची भाषा लॅटिन, असा संसार साडेतीन शतके चालला. उपासाचे नियमही असेच सैल होत गेले. एके काळी कम्युनियन घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याची सूट मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून तो एक तासाचा आहे. पहिल्या कम्युनियनचे वय मात्र दहाव्या पायसने १९१० मध्येच सात वर्षांच्या आसपास आणले होते. त्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या मुली आणि पांढऱ्या शर्टातली मुले यांचा जो थाट असतो, तो आपल्या मुंजीच्या बटूला हेवा वाटावा असा.

येथे एक व्यवहाराची सूचना. ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला देवळात जाण्याचा प्रसंग आपल्यावर नेहमी येतो. सगळे रांगेत उभे राहिले की आपल्याकडचे पाहुणेही प्रसाद समजून भाबडेपणाने उभे राहतात आणि मग फादरांची पंचाईत होते. अशा वेळी जागेवर शांत बसून राहावे; त्यात यजमानाचा अपमान नाही. कारण हा प्रसाद नव्हे. प्रसाद येईल त्याच्या हातावर ठेवायचा असतो. त्याला नाव-गाव विचारत नाहीत. कम्युनियन हे एका कुटुंबाचे जेवण आहे, आणि बाप्तिस्मा घेऊन त्या कुटुंबात जो आला, त्याचेच पान तेथे मांडलेले असते. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाला मोकळेपणाने घेतात, कॅथलिक व ऑर्थोडॉक्स तसे सहसा करीत नाहीत. आपल्याकडे याला जवळचे काही शोधायचे तर ते काल्यात सापडेल. सप्ताह संपला की वारकऱ्यांचा काला होतो. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सवंगड्यांना भरवणारा कृष्ण त्यामागे उभा असतो.

प्रॉटेस्टंटांचा थाट निराळा. वेदीऐवजी तेथे साधे मेज असते, त्यावर पांढरे स्वच्छ कापड. बहुतेक मंडळ्यांत महिन्यातून एका रविवारी हा विधी होतो. भाकरी म्हणजे पुष्कळदा नेहमीच्या पावाचे चौकोनी तुकडे. द्राक्षारसाचेही असेच. अमेरिकेत मद्यपाननिषेधाची चळवळ जोरात असताना टॉमस वेल्च या दंतवैद्याने १८६९ मध्ये न आंबलेला द्राक्षांचा रस टिकवण्याची युक्ती काढली, ती देवळासाठीच. आपल्याकडे ज्या गावी द्राक्षे नाहीत तेथे मनुका भिजवून, उकळून रस काढतात. ज्यांना आंबलेलाच द्राक्षारस हवा, त्यांच्यासाठी मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीपुरती वाट मोकळी ठेवली होती. आणि हे सर्व टाळून केवळ प्रार्थनेवर भागवणारेही ख्रिस्ती आहेत. मुक्तिफौजेने १८८३ मध्ये हा विधीच सोडून दिला. प्रत्येक जेवण त्याच्या स्मरणाने करावे, असे त्यांचे मत.

एक प्याला सर्वांनी तोंडाला लावावा, ही मूळची चाल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंचा शोध लागला आणि अमेरिकेतल्या देवळांनी इवल्या इवल्या वेगळ्या पेल्यांची तबके आणली. तीच तबके आपल्याकडेही आली. आरोग्याच्या दृष्टीने ते ठीकच. परंतु मराठी माणसाला तो एक प्याला काय मागत होता, याची त्या अमेरिकनांना कल्पना नव्हती. आपण तांब्या वर धरून पाणी पिणारी माणसे. दुसऱ्याच्या ओठांचा पेला म्हणजे उष्टा. आईने मुलाचे, फार तर बायकोने नवऱ्याचे उष्टे खावे, एवढीच त्याची मर्यादा. रामाने शबरीची बोरे खाल्ली, हे ऐकून आपण डोळे पुसतो, पण ते करायचे रामाने! प्रभुभोजनाला बसलेल्या ब्राह्मणाला मात्र महाराच्या ओठांवरून आलेला प्याला स्वतः तोंडाला लावावा लागे. बाप्तिस्म्याचे पाणी एकदाच डोक्यावर पडते. हा प्याला दर महिन्याला समोर येई.

म्हणूनच गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रातला धर्मांतराचा प्रत्येक तंटा शेवटी जेवणाशी येऊन थांबलेला दिसतो. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलाचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. मग अडले कोठे? तो त्यांच्या घरी जेवला होता! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली आणि स्वजनांचा रोष पत्करला. पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनात व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी ती नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि पुणे पेटले. यादीत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, १८९२ पर्यंत प्रायश्चित्ते चालली. गुरुवार पेठेतल्या त्याच आवारात रविवारी एका प्याल्यातून पिणारी माणसे होती; चहाच्या कपाने शहर हादरले, त्या प्याल्याकडे कोणी पाहिलेही नाही.

ख्रिस्ती झालेल्या घरांतही हा घास सहज उतरला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. मधल्या काळात पतीबरोबर राहत असतानाही लक्ष्मीबाईंची चूल काही दिवस वेगळी होती. सोवळे कसे एकेका पायरीने सुटले, हे 'स्मृतिचित्रां'त त्यांनी ज्या निखळ विनोदाने सांगितले आहे, त्याला मराठीत तोड नाही. लक्षात घेण्यासारखे हे, की त्यांनी जात आधी सोडली आणि बाप्तिस्मा नंतर घेतला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले; पुढे तेथल्या मंडळीत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आली. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारे थोडे ब्राह्मण तेथे असत. वेगळ्या खाण्यात तुच्छता असलीच पाहिजे असे मात्र नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या, आणि केडगावला त्यांनी कोणाच्या पोरीबाळींना पोटाशी धरले ते आपण जाणतोच.

याचा अर्थ ख्रिस्ती पंगत निर्दोष होती, असा कोणी घेऊ नये. तंजावर-मद्रासकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनालाही आधी येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळांनी मंडळीच सोडली. बरे, हे जुने झाले म्हणावे, तर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित ख्रिस्ती लोकांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आजही चालतो, हे स्वतःच मान्य केले. करिंथच्या सुखवस्तूंनी पोटभर जेवण आधी उरकले, तेच हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रातला पौलाचा राग अजून ताजा वाटतो तो यामुळेच.

पंथापंथांतल्या भिंतींचेही तसेच. ज्याला पंक्तीत घ्यायचे नाही त्याला चर्चच्या भाषेत एक्सकम्युनिकेट करतात. मराठीत 'पंक्तिबाह्य' हा त्याचा अक्षरशः अनुवाद आहे आणि तो कोणी मुद्दाम करावा लागला नाही. उलट दिशेचे एक पाऊल आपल्याच नागपुरात पडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आदी सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. ज्यांची मेजे आतापर्यंत वेगळी होती, त्यांचे मेज एक झाले. कॅथलिकांचे दार त्यांना अद्याप बंदच आहे. दोन पंथांच्या नवराबायकोने एका देवळात शेजारी बसावे आणि रांगेच्या वेळी एकाने उठावे, दुसऱ्याने बसून राहावे, असे दृश्य आजही दिसते. यामागची शास्त्रे मी वाचली आहेत. ती मला कळतात, पटत नाहीत.

२०२० च्या मार्चपासून महासाथीमुळे देवळांची दारे मिटली. ईस्टरची मिस्सा लोकांनी घरात मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. भजन ऐकू येत होते, प्रवचन ऐकू येत होते. भाकरी तेवढी पडद्यातून बाहेर येत नव्हती. वसईच्या एका माजी विद्यार्थ्याने तेव्हा मला फोनवर सांगितले, की त्याची आई पडद्यासमोर रोज गुडघे टेकते आणि वाटपाची वेळ आली की उठून स्वयंपाकघरात जाते; नुसते पाहवत नाही म्हणते.

दारे पुन्हा उघडली तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना देवळात जाता येत नाही ते नाहीच. त्यांच्याकडे जस्टिनच्या काळाप्रमाणे आजही वाटा पोचवतात. फादर किंवा नेमलेला एखादा गावकरी लहानशा डबीत चकती घेऊन निघतो. वाटेत गप्पा मारीत थांबायचे नाही, असा दंडक. घरी आधी निरोप गेलेला असतो. खाटेजवळच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरलेला, त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. घरातली माणसे भोवती उभी राहतात, प्रार्थना होते. म्हाताऱ्याला सगळी चकती गिळवत नसेल, तर तिचा नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवतात आणि वरून चमच्याने पाणी पाजतात.